नैनितालचं मैदान आणि खाऊन झालेलं कणीस

ऑफिसच्या कामासाठी दिल्लीला गेलो होतो. काम शुक्रवारी दुपारीच आटोपलं आणि सोमवारी सुट्टी. माझा जुना रूममेट सध्या गुडगावला असतो. तो म्हणाला, "मॉलमध्ये काय फिरतोस, चल नैनितालला." मग काय, रात्री जुन्या दिल्लीहून राणीखेत एक्स्प्रेस, पहाटे काठगोदाम, आणि तिथून शेअर टॅक्सीने पस्तीसेक किलोमीटरचा घाट. आठ वाजता तळ्याच्या काठी चहा पीत उभे होतो.

प्रवासवर्णन लिहायचा विचार नाही. तळं सुंदर आहे, थंडी होती, गर्दी प्रचंड होती, हे सगळं तुम्हाला ठाऊक आहे. लिहायचंय ते एका कणसाबद्दल.

मॉल रोडवर भाजलेलं कणीस घेतलं. लिंबू-मीठ लावून मस्त खाल्लं. खाऊन झालेलं कणीस टाकायला कचराकुंडी दिसेना, तेव्हा बाजूच्या दगडी गटारात टाकलं. कोरडंच होतं, आणि आधीच चिप्सची दोन पाकिटं पडलेली होती. (हो, माहीत आहे. शिव्या घाला.) मागून आवाज आला, "बेटा, ये नाली नहीं है, नाला है. इसी पर शहर टिका है."

शाली विकणाऱ्या दुकानाच्या दारात एक म्हातारे गृहस्थ बसले होते. मला वाटलं, आता स्वच्छतेवर भाषण. पण ते एवढंच बोलले आणि परत पेपर वाचायला लागले. मी ओशाळून कणीस उचललं. पण 'इसी पर शहर टिका है' हे काही डोक्यातून जाईना. गटारावर शहर कसं टिकेल?

संध्याकाळी हॉटेलच्या खोलीत मोबाईल घेऊन बसलो आणि रात्री एकपर्यंत वाचत राहिलो. दुसऱ्या दिवशी तेच सगळं पुन्हा पायी फिरून पाहिलं. तर त्याची ही गोष्ट.

आधी भूगोल थोडक्यात. 'ताल' म्हणजे आपलं तळं. साधारण दीड किलोमीटर लांब, समुद्रसपाटीपासून एकोणीसशे मीटरच्या वर. वरचं टोक मल्लीताल, खालचं टोक तल्लीताल. तिन्ही बाजूंनी डोंगर. एका अंगाला शेर-का-डांडा, समोर अयारपाट्टा. गंमत म्हणजे तळ्याच्या लांबीला धरून जमिनीत एक मोठा भ्रंश आहे. त्यामुळे दोन्ही बाजूंचा खडकसुद्धा वेगळा. अयारपाट्टाकडे मुख्यतः चुनखडक आणि डोलोमाइट, शेर-का-डांडाकडे पापुद्र्यांसारखी सुटणारी स्लेट आणि शेल. हे लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

आता इतिहास. इंग्रज-नेपाळ युद्धात 1815 मध्ये कुमाऊँ इंग्रजांच्या हातात आलं. नैनिताल मात्र त्यानंतर बरीच वर्षं गोऱ्यांच्या नजरेतून सुटलेलं होतं. 1841 मध्ये पी. बॅरन नावाचा साखरेचा व्यापारी इथे पोचला. शहाजहानपूरजवळच्या रोझाचा हा माणूस 'पिलग्रिम' या टोपणनावाने लेख लिहायचा. त्याने तळ्याचा 'शोध' लावला असं सगळीकडे छापलेलं असतं. शोध कसला! नैनादेवीची जागा ती, पुराणात त्रिऋषी सरोवर म्हणून उल्लेख असलेली. आसपासच्या लोकांना तळं चांगलं माहीत होतं. फक्त साहेबाला सांगायचं नव्हतं.

यावर एक किस्सा आहे. वाटाड्या म्हणेना की मला तळं माहीत आहे. तेव्हा त्याच्या डोक्यावर एक भला मोठा दगड ठेवला आणि सांगितलं, नैनितालला दगड मिळत नाहीत, हा तिथपर्यंत घेऊन चल. बिचारा थोडं चालल्यावर वैतागून म्हणाला, तिथे दगडांना काय तोटा! झालं, पकडला गेला.

दुसरा किस्सा नरसिंग नावाच्या थोकदाराचा. थोकदार म्हणजे आपल्याकडच्या पाटील-देशमुखांसारखा. त्याचं म्हणणं, ही सगळी दरी माझी. साहेबाने त्याला गोडीत होडीत बसवलं आणि तळ्याच्या मध्यावर नेलं. मग वही-पेन्सिल हातात देऊन म्हणाला, हक्क सोडल्याचं लिहून दे, नाहीतर बस पोहत. नरसिंगला पोहता येत नव्हतं. त्याने लिहून दिलं.

पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला हसू आलं. किस्से सांगितलेतच हसण्यासाठी, आणि तेही जिंकलेल्या बाजूने. नंतर वाटलं, आज आपल्याकडे कुणी बिल्डर शेतकऱ्याला असं होडीत बसवून सातबारा लिहून घेऊ लागला तर आपण हसू का? असो.

त्यानंतर शहर भराभर वाढलं. बंगले, चर्च, शाळा, हॉटेलं. 1862 मध्ये वायव्य प्रांताच्या सरकारची ही उन्हाळी राजधानी झाली. सरकार आलं म्हणजे कचेऱ्या, कारकून, हमाल, दुकानदार, नोकरचाकर, सगळेच आले. उतार कापून घरांसाठी सपाट जागा केल्या, झाडं तोडली. इशारे मिळाले नाहीत असंही नाही. 1866 मध्येच आल्मा टेकडीवर दरड कोसळली होती, नंतर त्याच जागी त्याहून मोठी. पण जागा मोक्याची, समोर तळं. बांधकामं चालूच राहिली.

सप्टेंबर 1880. गुरुवारी जोरदार पाऊस सुरू झाला. शनिवारी, 18 तारखेच्या सकाळपर्यंतच्या चाळीस तासांत 20 ते 35 इंच पाऊस पडला, असे त्या वेळचे आकडे आहेत. म्हणजे 500 ते 890 मिलिमीटर. पुणेकरांसाठी सांगायचं तर आपला वर्षभराचा पाऊस दोन दिवसांत. पाणी वाहून जायला नीट वाटच नव्हती, ते त्या पापुद्र्यांच्या खडकात मुरत गेलं.

शनिवारी सकाळी व्हिक्टोरिया हॉटेलच्या मागचा उतार सुटला आणि काही माणसं गाडली गेली. मदतीला अधिकारी, सैनिक, मजूर धावले. भर पावसात खणायला लागले. आणि दुपारी दीडच्या सुमारास वरचा डोंगर आला. काही सेकंदांत हॉटेल, खालचं दुकान, तळ्याकाठची असेंब्ली रूम्सची इमारत, नैनादेवीचं देऊळ, आणि मदतीला आलेले लोक, सगळं खाली गेलं.

151 माणसं मेली. 43 युरोपियन आणि अँग्लो-इंडियन, 108 भारतीय.

आता मल्लीतालचं ते मोठं मैदान आठवा, ज्याला सगळे 'फ्लॅट्स' म्हणतात. पोरं फुटबॉल खेळतात, गाड्या लागतात, बाजूला तिबेटी मार्केट, मोमोज. चारी बाजूंनी डोंगर असताना एवढी सपाट जागा आली कुठून, हा प्रश्न मला पहिल्या दिवशी पडलाच नव्हता. थोडी सपाटी आधीपासून होती, पण आजचं मैदान त्या दिवशी आलेल्या दरडीच्या मातीने वाढलेलं आहे. मी आदल्या संध्याकाळी तिथेच मोमोज खात उभा होतो.

दुसऱ्या दिवशी सकाळी सेंट जॉन इन द वाइल्डरनेस चर्चमध्ये गेलो. 1840 च्या दशकातलं देवदारांतलं शांत चर्च आहे. तिथे त्या दरडीत गेलेल्यांच्या नावांची पितळी पाटी आहे. गोऱ्यांची नावं. ती वाचताना वाईट वाटतंच, त्यांतले कितीतरी जण दुसऱ्यांना खणून काढायला गेलेले होते. मग मी उरलेल्या 108 जणांची पाटी शोधत फिरलो. देवळाच्या आवारात पाहिलं (देऊळ 1883 मध्ये पुन्हा बांधलेलं आहे), मैदानाच्या कडेने फिरलो, दोघातिघांना विचारलं. मला कुठे दिसली नाही. खणणाऱ्यांत मजूरही होते. त्यांचा उरलेला हिशेब म्हणजे एक आकडा.

त्यांच्या वाट्याला स्मारक आलंच असेल तर ते म्हणजे हे नाले, असं मला आता वाटतं.

कारण दरडीनंतर इंग्रजांनी जे केलं ते इंजिनिअर म्हणून मला मानावं लागलं. डोंगराच्या सुरक्षेसाठी समिती नेमली, कारण शोधलं (आपल्या भाषेत रूट कॉज अनॅलिसिस!) आणि उत्तर साधं निघालं: पाणी डोंगरात मुरू द्यायचं नाही. म्हणून उतारांवर दगडी बांधीव नाल्यांचं जाळं उभं केलं. लहान नाला मोठ्यात, मोठा थेट तळ्यात. आजही साठच्या वर नाले तळ्याला येऊन मिळतात. दीडशे वर्षांपूर्वीचा पॅच अजून प्रॉडक्शनमध्ये चालू आहे, आणि वर राहणाऱ्या अनेकांना तो पॅच आहे हेच माहीत नाही. आपण सगळ्यांनी असा एखादा जुना मॉड्यूल पाहिलेला असतो. कुणी लिहिला माहीत नाही, दिसायला ओबडधोबड. आणि एखादा नवीन पोरगा 'हे काय कामाचं' म्हणून तो उडवतो.

शहाणपण लगेच आलं असंही नाही. लाटसाहेबांचा बंगला शेर-का-डांडावरच होता. 1890 च्या दशकात त्यालाच भेगा पडायला लागल्या, तेव्हा तो सोडून समोरच्या बाजूला नवीन बांधला, 1897 ते 1900 मध्ये. आजचं राजभवन ते हेच. त्याचे आर्किटेक्ट म्हणून आपल्या व्हीटी स्टेशनवाल्या स्टीव्हन्सचं नाव सांगतात. जिम कॉर्बेट त्या दरडीच्या वेळी पाच वर्षांचा होता. त्याच्या घरच्यांनीही आल्मा टेकडीकडची जागा सोडून अयारपाट्टाकडे घर बांधलं. ज्याला हलता येत होतं तो हलला. खडक कुठला आहे ते बघून हलला.

आणि आज? 2018 च्या ऑगस्टमध्ये लोअर मॉल रोडचा एक तुकडा चक्क तळ्यात गेला. 2021 च्या ऑक्टोबरमध्ये तळं भरून रस्त्यावर आलं आणि शहराचा बाकी जगाशी संपर्क तुटला. त्याच पावसात जवळच्या मुक्तेश्वरला एका दिवसात 340 मिलिमीटर पडला, 1897 पासूनच्या नोंदींतला विक्रम. दुसरीकडे 2017 च्या उन्हाळ्यात हेच तळं इतकं आटलं होतं की काठाला गाळाचे पट्टे उघडे पडले. तळ्याला जमिनीखालून येणारं बरंच पाणी वरच्या सूखातालमधून झिरपत येतं, आणि त्या सूखातालच्या काठावर घरं झाली आहेत.

म्हणजे एकीकडे पाणी मुरायला नको आणि दुसरीकडे मुरायलाच हवं. कुठे काय, हे ज्याला कळतं त्यानेच डोंगराला हात लावावा. शिवाय शहराचं पिण्याचं पाणीही या तळ्यावरच अवलंबून. नाल्यात टाकलेलं कणीस पावसात एकतर नाला तुंबवणार, नाहीतर तळ्यात जाणार. मग पाणी एकतर डोंगरात शिरणार, नाहीतर पेल्यात येणार.

ते 151 वाचलं तेव्हा मी मोबाईल बाजूला ठेवला होता. हा आकडा मी आधी ऐकला होता. 30 जुलै 2014, माळीण. आंबेगाव तालुका, पुण्याहून काही तासांवर. मी तेव्हा बारावीत होतो. एसटीचा ड्रायव्हर नेहमीप्रमाणे गाडी घेऊन गेला आणि त्याला गावच दिसेना, ही बातमी आईने मोठ्याने वाचून दाखवली होती. तिथल्या मृतांचा आकडाही 151 च सांगितला जातो. योगायोग आहे, त्याला काही अर्थ नाही. पण दोन्हीकडे तेच होतं: कापलेला उतार, सलग पाऊस, आणि पाण्याला वाट नाही. माळीणनंतर 2021 मध्ये तळिये झालं, 2023 मध्ये इर्शाळवाडी. दर वेळी आपण आठवडाभर हळहळतो आणि पुढच्या वीकेंडला ताम्हिणीत कडेला गाडी लावून कणीस खातो. मीही खातो.

निघायच्या दिवशी सकाळी पुन्हा त्या दुकानावरून गेलो. बाबा तिथेच होते. आईसाठी एक शाल घेतली. पैसे देताना म्हटलं, "वो नाले के बारे में पढ़ा मैंने." ते हसले. म्हणाले, "पढ़ लिया, अच्छा किया. अब बारिश में आना, चलता हुआ देखना."

टॅक्सीत बसायच्या आधी नाल्यात वाकून पाहिलं. चिप्सची ती दोन पाकिटं तिथेच होती. रूममेट हॉर्न वाजवत होता, तरी खाली उतरून ती काढली. त्याने शहर वाचलं वगैरे काही नाही. पण पावसात पुन्हा जायचं ठरवलंय.