डुकरांचे आजार, माणसांची नावे : आशियातील काही विषाणुसाथींचा इतिहास



आजचा विषय जाहीर झाल्यावर दोघा-तिघांनी विचारले, की सर, तत्त्वज्ञान शिकवणाऱ्या माणसाचा डुकरांच्या आजारांशी काय संबंध? प्रश्न रास्त आहे. आम्ही काही पशुवैद्य नव्हे. पण एखाद्या गोष्टीला नाव कसे मिळते, ते नाव चुकले तर पुढे काय काय चुकते, आणि 'कारण' म्हणून आपण ज्याच्याकडे बोट दाखवतो ते खरेच कारण असते का, हे आमच्या विषयातले जुने प्रश्न आहेत. आशियातल्या डुकरांच्या साथींच्या इतिहासात हे प्रश्न पुन्हा पुन्हा येतात, आणि त्यांची किंमत माणसांनी आणि जनावरांनी जीव देऊन मोजलेली आहे.

आधी एक विभागणी करून घेऊ, म्हणजे पुढचे सोपे जाईल. डुकराशी जोडल्या जाणाऱ्या विषाणुजन्य आजारांचे तीन गट पडतात. पहिला, जे आजार डुकराचेच आहेत, माणसाला होत नाहीत. दुसरा, जे मुळात पक्ष्यांचे किंवा वटवाघळांचे, पण डुकरात येऊन वाढतात आणि तिथून माणसापर्यंत पोचतात. आणि तिसरा, ज्यांना डुकराचे नाव लागले, पण जे पसरतात माणसाकडून माणसाला. व्यवहारात आपण या तिन्हींची खिचडी करतो.

पहिल्या गटापासून सुरुवात करू. यातला एक जुना आजार म्हणजे क्लासिकल स्वाइन फीव्हर. एकोणिसाव्या शतकात अमेरिकेत त्याला 'हॉग कॉलरा' म्हणत. कॉलऱ्याशी त्याचा काडीचा संबंध नाही. १८८५ च्या सुमारास सॅल्मन आणि स्मिथ या संशोधकांना आजारी डुकरांत एक जिवाणू सापडला. हेच कारण, असे त्यांनी जाहीर केले. पुढे विसाव्या शतकाच्या सुरुवातीला द श्वाइनिट्झ आणि डॉर्सेट यांनी दाखवले, की आजारी जनावराचे रक्त जिवाणू अडवणाऱ्या गाळणीतून गाळून टोचले तरी आजार होतोच. म्हणजे खरा गुन्हेगार गाळणीतून निसटणारा विषाणू होता. जिवाणू नुसता सोबत होता. पण नावे चिकट असतात. त्या जिवाणूच्या कुळाला आजही सॅल्मन यांच्याच नावाने 'साल्मोनेला' म्हणतात. जे सोबत सापडते ते कारण नसते, हे आम्ही वर्गात वर्षानुवर्षे सांगत आलो. याहून चांगले उदाहरण आम्हाला मिळालेले नाही.

भारतात हा आजार १९४४ साली अलीगढला नोंदवला गेला. इथे आपल्या मराठी मुलखाचाही थोडा धागा आहे. जनावरांच्या साथींवर संशोधन करणारी या देशातली पहिली मोठी संस्था, इम्पीरियल बॅक्टीरियॉलॉजिकल लॅबोरेटरी, १८८९ मध्ये पुण्यात सुरू झाली. १८९३ मध्ये ती हिमालयात मुक्तेश्वरला हलली आणि पुढे तीच भारतीय पशुवैद्यकीय संशोधन संस्था झाली. या आजाराची लस आपल्याकडे कित्येक वर्षे सशांच्या शरीरात विषाणू वाढवून तयार करीत. सशाच्या प्लीहेतून लस काढायची, म्हणजे ससा मारावा लागे, आणि इतके करून लशीचे डोस अपुरे पडत. २०२० मध्ये याच संस्थेची पेशीसंवर्धनावर वाढवलेली लस आली. आता सशांची गरज राहिली नाही, आणि डोसही भरपूर तयार करता येतात.

याच गटात 'पर्स' नावाने ओळखला जाणारा श्वसन आणि प्रजननाचा आजार येतो. २००६ मध्ये त्याच्या एका तीव्र रूपाने चीनमध्ये हाहाकार केला, आणि २०१३ मध्ये तो आपल्याकडे मिझोराममध्ये पोचला. लाळ्या-खुरकूत तर आपल्याला गाई-म्हशींमुळे माहीत आहेच. पण १९९७ मध्ये तैवानला त्याचा जो प्रकार आला तो मुख्यतः डुकरांनाच धरणारा होता. जवळपास चाळीस लाख डुकरे मारावी लागली आणि तिथला डुकराच्या मांसाचा निर्यातव्यापार एका वर्षात कोसळला.

परंतु या गटातला सर्वांत भयंकर आजार म्हणजे आफ्रिकन स्वाइन फीव्हर. नाव क्लासिकल स्वाइन फीव्हरसारखे, लक्षणेही बरीचशी तशीच; ताप, कातडीवर लाल-जांभळे डाग, खाणेपिणे बंद, आणि काही दिवसांत मृत्यू. पण विषाणू अगदी वेगळ्या कुळातला. क्लासिकलची लस इथे काहीही उपयोगाची नाही. उपचार नाही. तीव्र साथीत कळपच्या कळप संपतो. केनियात गोऱ्या वसाहतवाल्यांनी युरोपातून डुकरे आणली आणि ती पटापट मेली, तेव्हा १९२१ मध्ये माँटगोमेरी या पशुवैद्याने हा निराळा आजार आहे हे नोंदवले. तिथल्या रानडुकरांत आणि गोचिडांत हा विषाणू शेकडो वर्षे गुपचूप राहत होता. बाहेरचे जनावर आले आणि तो उघडा पडला.

तो जगभर कसा फिरला हे पाहण्यासारखे आहे. १९५७ मध्ये तो लिस्बनला पोचला. विमानातले उरलेसुरले अन्न विमानतळाजवळच्या डुकरांना घातले गेले, एवढे निमित्त पुरले. २००७ मध्ये जॉर्जियातल्या पोटी बंदरात पुन्हा तसेच. जहाजावरच्या खरकट्यातून आला असावा असे मानतात. तिथून रशिया, पूर्व युरोप, आणि ऑगस्ट २०१८ मध्ये चीनमधले शेनयांग. जगातली जवळजवळ निम्मी डुकरे तेव्हा चीनमध्ये होती. वर्षभरात तिथल्या सगळ्या प्रांतांत साथ पसरली आणि देशातील डुकरांची संख्या सुमारे चाळीस टक्क्यांनी घटली. व्हिएतनाममध्ये २०१९ या एका वर्षात साठ लाखांच्या आसपास डुकरे मारली गेली.

भारतात तो २०२० च्या सुरुवातीला अरुणाचल आणि आसाममध्ये शिरला. भोपाळच्या प्रयोगशाळेने निदान पक्के केले तेव्हा देशात लॉकडाउन होते. सगळ्यांचे लक्ष माणसांच्या साथीकडे, आणि तिकडे नद्यांतून मेलेली डुकरे वाहत होती. २०२१ मध्ये मिझोरामच्या लुंगलेई जिल्ह्यात तो पोचला. त्या राज्यात त्या वर्षी तीस हजारांहून अधिक डुकरे मेली. ईशान्येकडे डुक्कर ही घरची बँक असते. पोराची फी, आजारपण, लग्न, सगळे तिच्यावर. ती बँक आठवड्याभरात बुडते. पुढे जुलै २०२२ मध्ये आपल्याच पश्चिम किनाऱ्याच्या बाजूला, केरळच्या वायनाडमध्ये, हा आजार सापडला.

आता दुसरा गट. इथे आपण सफाळ्याकडे जरा बघू. पावसाळ्यात इथे काय दिसते? भाताची खाचरे, खाचरांत साचलेले पाणी, आणि त्यात उभे बगळे. जपानी मेंदूज्वर नावाचा आजार याच चित्रात राहतो. त्याचा विषाणू बगळ्यांसारख्या पाणपक्ष्यांत असतो. भातशेतीच्या पाण्यात वाढणारे क्युलेक्स जातीचे डास तो इकडून तिकडे नेतात. डुक्कर या साखळीत आले, की त्याच्या रक्तात विषाणू फार वाढतो. डुकराला स्वतःला विशेष काही होत नाही, फक्त गाभण मादी गाभडते. आणि माणूस? माणसात विषाणू पोचतो खरा, पण माणसाच्या रक्तात तो एवढा वाढत नाही, की त्याला चावलेला डास दुसऱ्याला आजार देईल. आम्ही या साखळीचे शेवटचे टोक आहोत. पण त्या टोकाला मुले मरतात.

जपानमध्ये १९२४ साली सहा हजारांवर लोकांना हा आजार झाला, म्हणून त्याला जपानचे नाव. भारतात १९५५ मध्ये वेल्लोर भागात तो ओळखला गेला. तो ओळखण्याच्या कामात पुण्यातल्या विषाणू संशोधन केंद्राचा मोठा वाटा होता. १९५२ मध्ये रॉकफेलर फाउंडेशनच्या साह्याने सुरू झालेले हे केंद्र म्हणजेच आजची राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्था. १९७३ मध्ये बंगालात बांकुड्याला मोठी साथ आली. २००५ मध्ये पूर्व उत्तर प्रदेशात, गोरखपूरच्या परिसरात, मेंदूज्वराने हजाराहून अधिक बळी घेतले, त्यांत बहुतेक मुले. त्यानंतर, २००६ पासून, मुलांना लस देण्याची मोहीम सुरू झाली. जपानने हा आजार आटोक्यात आणला तो मुख्यतः माणसांना लस देऊन आणि डुकरांचे गोठे वस्तीपासून लांब नेऊन. डुकरे नाहीशी करून नव्हे. बगळा, डास आणि खाचर आहे तोवर विषाणू राहणारच.

या गटातली दुसरी गोष्ट मलेशियाची. सप्टेंबर १९९८ मध्ये इपोह शहराजवळ वराहपालक तापाने, मेंदूच्या सुजेने मरू लागले. मेंदूज्वर आणि डुकरे, म्हणजे जपानी मेंदूज्वरच, असे ठरले. डासांवर फवारणी झाली, लोकांना लस दिली गेली. पण काही गोष्टी जुळत नव्हत्या. मुलांऐवजी मोठी माणसे मरत होती. लस घेतलेलेही मरत होते. एकाच गावात, त्याच डासांत राहणारे, पण डुकरांना हात न लावणारे शेजारी धडधाकट होते. डास तर धर्म पाहून चावत नाही! आणि डुकरेही खोकत होती, जे जपानी मेंदूज्वरात होत नाही. मार्च १९९९ मध्ये डॉ. चुआ काव बिंग यांनी वेगळाच विषाणू शोधून काढला. सुंगाई निपाह या गावावरून त्याला नाव मिळाले निपाह. तोवर आणि त्यानंतर मिळून २६५ माणसे आजारी पडली, १०५ गेली, आणि दहा लाखांवर डुकरे मारली गेली. विषाणू आला होता फळे खाणाऱ्या वटवाघळांकडून. गोठ्यांलगत फळबागा होत्या. वटवाघळांची उष्टी फळे खाली पडत आणि डुकरे ती खात.

आपल्या जिल्ह्यातही वाड्या आहेत, डहाणू-घोलवडचा चिकू आहे, रात्री त्यावर येणारी वटवाघळे आहेत. घाबरायचे कारण नाही. सांगायचे इतकेच, की फळझाडाखाली जनावर बांधायचे की नाही, असा साधा प्रश्नही साथीच्या इतिहासात मोठा ठरतो. आणि भारतात निपाह आला तो २००१ मध्ये सिलिगुडीला, २०१८ मध्ये कोझिकोडला. दोन्ही वेळा मधे डुक्कर नव्हते. तेच नाव, पण वाट निराळी.

तिसरा गट आपल्या अगदी घरचा. ३ ऑगस्ट २००९ रोजी पुण्यात एका शाळकरी मुलीचा मृत्यू झाला. स्वाइन फ्लूचा तो देशातला पहिला बळी. तोंडाला रुमाल बांधलेले पुणे आणि नायडू रुग्णालयाबाहेरच्या रांगा अनेकांना आठवत असतील. त्या विषाणूची जनुके डुकरांतल्या इन्फ्लुएंझाकडून आली होती, हे खरे. पण पुण्यात तो आला विमानाने, माणसांबरोबर, आणि पसरला खोकल्या-शिंकांतून. शिजवलेले मांस खाऊन तो होत नाही. ३० एप्रिल २००९ पासूनच जागतिक आरोग्य संघटनेने 'स्वाइन फ्लू' म्हणणे थांबवले होते. आपण मात्र आजही तेच म्हणतो.

नुसत्या नावाने काय होते? इजिप्तने त्याच वसंतात देशातली सुमारे तीन लाख डुकरे मारण्याचा आदेश काढला. ती होती कैरोतला कचरा गोळा करणाऱ्या झब्बालीन लोकांची, बहुतेक कॉप्टिक ख्रिस्ती. शहराचे खरकटे ती डुकरे खात. डुकरे गेली, कचरा रस्त्यावर साचला, आणि फ्लू यायचा तो आलाच. एका शब्दामुळे एका गरीब समाजाची कमाई गेली.

आमच्या मते आजच्या विषयाचा गाभा इथे आहे. डुक्कर जगभर बहुधा अशांच्या दारात असते ज्यांच्या बाजूने बोलणारे कमी. आपल्याकडे कैकाडी, वडार असे भटके समाज, आणि वसईची ख्रिस्ती गावे, जिथे लग्नाच्या पंगतीत ते मानाने वाढले जाते. बाकीच्यांसाठी ते शिवीत आणि पुराणात. वराह म्हणून पृथ्वी उचलतो तेव्हा हात जोडायचे, गल्लीत दिसला की दगड. असा प्राणी आजाराच्या नावात आला की तपास न करता दोष द्यायला सोपा जातो.

म्हणून नेमके बोलायला शिकले पाहिजे. आफ्रिकन स्वाइन फीव्हरमध्ये नियमाप्रमाणे साथीच्या जागेपासून एक किलोमीटर परिघातली सगळी डुकरे मारावी लागतात, दहा किलोमीटरपर्यंत पाळत ठेवतात. दुसरा उपाय आज नाही. पण ज्याचे जनावर मारले त्याला भरपाई वेळेवर मिळाली नाही, तर पुढचा माणूस आजार लपवतो, आजारी डुक्कर रातोरात विकतो, आणि विषाणू पुढच्या गावी जातो. भरपाईला दया समजू नका, ती रोगनियंत्रणाचाच भाग आहे.

आणि जे डुकरे पाळतात त्यांच्यासाठी दोन साध्या गोष्टी. हॉटेलचे खरकटे घालायचे तर चांगले उकळून, थंड करून घाला. लिस्बनपासून पोटीपर्यंतचा सगळा इतिहास त्या एका पातेल्यात आहे. आणि एकापाठोपाठ जनावरे मेली तर ती खाडीत टाकू नका. पशुवैद्यकीय दवाखान्यात कळवा, खोल खड्ड्यात चुना घालून पुरा. जे पाळत नाहीत त्यांच्यासाठी एकच. कानावर एखाद्या साथीचे नाव पडले, की विचारा: हा आजार कोणाचा, वाढतो कोणात, आणि पसरतो कशाने? तिन्हींची उत्तरे वेगवेगळी असू शकतात. ती मिळेपर्यंत कोणाच्या दाराकडे बोट दाखवू नका.

आता तुमचे प्रश्न घेऊ.