दिनविशेष : १७ ऑक्टोबर १९४०
पवनारचा पहिला सत्याग्रही

दुसऱ्या महायुद्धात युरोपात रणगाडे धावत होते आणि फील्ड मार्शलांची नावे रोज वर्तमानपत्रांत झळकत होती. त्याच दिवसांत वर्धा जिल्ह्यातल्या पवनारमध्ये एक शस्त्रहीन लढाई सुरू झाली. १९३९ च्या सप्टेंबरमध्ये व्हाइसरॉय लिनलिथगो यांनी भारतीय पुढाऱ्यांना न विचारताच हिंदुस्थानला युद्धात ओढले होते. त्याला उत्तर म्हणून सेवाग्रामहून गांधीजींनी वैयक्तिक सत्याग्रह पुकारला. निवडलेल्या एकेकाने पुढे यायचे, युद्धविरोधी भाषण करायचे आणि शांतपणे तुरुंगात जायचे.

पहिला मान मिळाला विनोबा भावे यांना. जवाहरलाल नेहरूंचे नाव दुसरे होते, यावरून त्या निवडीचे वजन कळावे. अनेकांना विनोबांचे नाव नवे होते, म्हणून गांधीजींनी ‘हरिजन’मध्ये त्यांची ओळख करून दिली. गांधीजींच्या आश्रमात स्वयंपाकापासून संडास सफाईपर्यंत सारी कामे त्यांनी केली होती. एकदा वर्षभराची रजा घेऊन ते गेले आणि ठरल्या वेळी हजर झाले; ती तारीख खुद्द गांधीजी विसरले होते! मला तरी सैनिकाची याहून चोख ओळख ठाऊक नाही.

१९२१ पासून वर्ध्यात आणि १९३८ पासून धाम नदीकाठच्या पवनारात राहणाऱ्या विनोबांनी १७ ऑक्टोबर १९४० रोजी तिथे युद्धविरोधी भाषण केले. २१ ऑक्टोबरला त्यांना अटक झाली आणि तीन महिन्यांची शिक्षा सुनावली गेली. पुढे १९५७ मध्ये केरळात त्यांनी अशाच शस्त्रहीन सैनिकांची शांतिसेना उभी केली.