पेपरवेटमधून निघालेला पिस्टन

इंजिन खोलून कॉम्प्रेशन वाढवायचं ठरवलं, की पहिला प्रश्न येतो पिस्टनचा. कुठल्या धातूचा घ्यायचा? पटकन सुचणारं उत्तर असं, की जो धातू जास्त तापमानाला वितळतो तो! आत एवढी आग असणार, तर बिडाचा मजबूत गोळाच बरा, नाही का? गंमत म्हणजे मोटारींच्या पहिल्या पंचवीसेक वर्षांत बहुतेक इंजिनियर मंडळींनी हेच उत्तर दिलं होतं. पिस्टन म्हणजे बीड, नाहीतर पोलाद.

आता १९१३ सालात जाऊ या. वॉल्टर ओवेन बेंटली हा पंचविशीतला इंग्रज तरुण. उमेदवारी केली रेल्वे इंजिनांच्या कारखान्यात, पण आता भावाबरोबर लंडनमध्ये डीएफपी नावाच्या फ्रेंच गाड्या विकत होता. गाडी बरी होती, पण तिला कोणी ओळखत नव्हतं. शर्यती जिंकल्या तर नाव होणार, आणि त्यासाठी दोन लिटरच्या इंजिनातून जास्त ताकद काढायला हवी. पॅरिसजवळच्या डीएफपीच्या कारखान्यात गेला असताना त्याला टेबलावर एक पेपरवेट दिसलं. छोट्या पिस्टनच्या आकाराचं, अ‍ॅल्युमिनियमचं. एका ओतशाळेने जाहिरात म्हणून वाटलेलं! टेबलावर चालतं ते इंजिनात का नाही, असा प्रश्न याला पडला. त्याने ८८ टक्के अ‍ॅल्युमिनियम आणि १२ टक्के तांबं अशा मिश्रधातूचे पिस्टन ओतून घेतले, कॉम्प्रेशन वाढवलं, आणि इंजिन चाललं. नुसतं चाललं नाही, पळालं.

पण का चाललं? बीड साधारण १२०० अंशांना वितळतं, अ‍ॅल्युमिनियम ६६० ला, आणि त्याचे मिश्रधातू त्याच्याही आधी. इथेच खरी गोम आहे. सिलिंडरमधली ज्वाला २००० अंशांच्या वर जाते. त्या हिशोबाने बीडसुद्धा टिकायला नको! पिस्टन टिकतो तो आलेली उष्णता पुढे ढकलतो म्हणून. माथ्यावरून रिंगांमध्ये, रिंगांमधून सिलिंडरच्या भिंतीत आणि तिथून पाण्यात. अ‍ॅल्युमिनियमचे मिश्रधातू हे काम बिडाच्या साधारण तिप्पट वेगाने करतात. आमच्या भाषेत सांगायचं, तर प्रश्न स्टोअरेजचा नव्हता, बँडविड्थचा होता :)

कॉम्प्रेशन वाढलं की हे जास्तच महत्त्वाचं. कागदावरच्या आदर्श इंजिनात ४:१ ला सुमारे ४३ टक्के कार्यक्षमता मिळते, १०:१ ला ६०. मग सगळेच वाढवत का नव्हते? कारण माथा तापलेला असेल, तर ज्वाला पोचायच्या आधीच कोपऱ्यातलं मिश्रण आपोआप पेट घेतं. हेच ते नॉकिंग. माथा थंड राहिला की तेवढं जास्त दाबता येतं. शिवाय अ‍ॅल्युमिनियमचं वजन बिडाच्या जेमतेम ४० टक्के, त्यामुळे इंजिन जास्त वेगाने फिरवता येतं.

१९१४ च्या टुरिस्ट ट्रॉफी शर्यतीत मोठमोठ्या इंजिनांच्या गाड्यांमध्ये बेंटलीची छोटी डीएफपी सहावी आली. आत काय आहे हे त्याने गुपित ठेवलं होतं. साहजिकच आहे, पोटापाण्याचा प्रश्न होता. आणि तेवढ्यात महायुद्ध सुरू झालं.

आता खरा पेच. गुपित दाबून ठेवायचं, की विमानांच्या इंजिनांसाठी देऊन टाकायचं? हलकं आणि थंड राहणारं इंजिन म्हणजे वैमानिकाचा जीव. बेंटली ब्रिटिश नौदलाच्या कमांडर ब्रिग्ज यांच्याकडे गेला आणि सगळं सांगून टाकलं. त्यांनी त्याला रोल्स-रॉइस आणि सनबीमकडे पाठवलं, म्हणजे उद्या जे आपले प्रतिस्पर्धी होणार त्यांच्याच दारात! रोल्स-रॉइसच्या ईगल इंजिनात अ‍ॅल्युमिनियमचे पिस्टन आले. पुढे बेंटलीने स्वतः बीआर-१ हे विमानाचं इंजिन बनवलं, ते सॉपविथ कॅमल विमानांत बसलं. १९१९ मध्ये त्याने स्वतःची मोटार कंपनी काढली, आणि तिच्या पहिल्या तीन लिटरच्या गाडीतही पिस्टन अ‍ॅल्युमिनियमचेच होते.

अर्थात फुकट काहीच मिळत नाही. अ‍ॅल्युमिनियम तापल्यावर बिडाच्या जवळजवळ दुप्पट प्रसरण पावतं. गाळा कमी ठेवला तर पिस्टन जाम, जास्त ठेवला तर थंड इंजिन खटखट वाजणार. आज हाय कॉम्प्रेशनसाठी फोर्ज्ड पिस्टन निवडताना हाच सौदा समोर असतो. ४०३२ मध्ये सुमारे १२ टक्के सिलिकॉन असतं, त्यामुळे तो कमी फुगतो, गाळा कमी लागतो, आणि रोजच्या गाडीला तो बरा. २६१८ मध्ये सिलिकॉन नावापुरतं. तो जास्त फुगतो, सकाळी वाजतो, पण चिवट असतो. टर्बो लावून किंवा शर्यतीत मार खायचा असेल तर तो घ्यावा. कारण नॉकिंगचा घाव बसल्यावर ४०३२ ला तडा जाण्याची शक्यता जास्त.

तेव्हा कॅटलॉग उघडताना 'सगळ्यात मजबूत कुठला?' हा प्रश्न जरा बाजूला ठेवा. उष्णता कुठून जाणार, गाळा किती लागणार आणि गाडी कशी चालवणार, हे आधी विचारा. बेंटलीने वितळणबिंदूचा तक्ता पाहून पिस्टन निवडला असता, तर ते पेपरवेट कागदांवरच राहिलं असतं!