बिदरची चिलमची

हात धुण्यासाठी आपण उठून मोरीकडे जातो. दख्खनच्या अमीर-उमरावांकडे मात्र पाणीच पाहुण्याकडे येत असे. एका हाती आफताबा, म्हणजे लांब तोटीची झारी, व दुसऱ्या हाती चिलमची घेऊन सेवक बैठकीत फिरे. चिलमचीवर जाळीदार झाकण असे. त्याखाली हात धुतलेले पाणी दिसेनासे होई. सभ्यपणाची ही कल्पना मला नळाहून सरस वाटते!

या जोड्या बिदरी कामातही घडत. जस्तात थोडे तांबे घालून भांडे ओतावयाचे, कोरलेल्या रेषांत चांदीची तार ठोकून बसवावयाची, आणि बिदरच्या किल्ल्यातील माती व नवसागर यांचा पुट द्यावयाचा. जस्त काळेभोर होते, चांदी मात्र शुभ्रच राहते. जुने नमुने मिळतात ते मुख्यत्वे सतराव्या शतकापासूनचे.

बिदरी कामास 2006 साली भौगोलिक मानांकन लाभले. पण गिऱ्हाईक फुलदाणी मागते, चिलमची कोण मागणार? संग्रहालयांतही झारी एकीकडे, पात्र दुसरीकडे, असे कित्येकदा होते. झाकण हरवले असेल, तर पाहणारा त्या पात्रास नक्षीचे ताट समजून पुढे जातो.