फ्लॉरेन्स येथील लोकोद्यानें व छत्रपति राजाराममहाराजांची छत्री

संस्कृतांत बागेस जीं नांवें आहेत त्यांत ‘आराम’ हें एक असून, अमरकोशांत तें लावलेल्या, म्हणजे मनुष्यनिर्मित, वनास दिलेलें आहे. शब्द रम् धातूपासून निघाला. जेथें मन रमतें तो आराम. मराठींत विसाव्यास आपण जो आराम म्हणतों तो फारसींतून आला. परंतु दोन्ही शब्द अखेर एकाच प्राचीन धातूस जाऊन मिळतात. इटलींतील फ्लॉरेन्स शहराच्या अशाच एका आरामांत करवीरच्या एका छत्रपतींची छत्री उभी आहे. प्रवासवर्णनांतून तिचा उल्लेख एक नवल म्हणून येतो व तेवढ्यावरच थांबतो. तो आराम कोणी व कशासाठीं केला, छत्री त्याच्या अगदीं टोंकास कां आहे, व ती नक्की कोणत्या राजारामांची, हे तीन प्रश्न एकत्र घेतल्यास ही छत्री नवल न राहतां इतिहासाचें साधन ठरते, असें प्रस्तुत लेखकाचें मत आहे.

फ्लॉरेन्सचीं जुनीं उद्यानें बहुतेक मेदिची घराण्याचीं आहेत. कोझिमो मेदिची यानें १५४५ सालीं औषधि वनस्पतींची बाग स्थापिली. तिला तेथें ‘साध्या औषधींची बाग’ अशा अर्थाचें नांव असून, पिसा व पादुआ येथील बागांच्या मागोमाग ती युरोपांतील अतिप्राचीन वनस्पतिबागांत मोडते. पुढें १५४९ सालीं त्याची पत्नी एलेओनोरा हिनें पित्ती वाडा विकत घेतला व वाड्यामागील टेकडीवर त्रिबोलो नांवाच्या शिल्पकारानें बोबोली उद्यानाची आंखणी केली. कारंजीं, पुतळे, कृत्रिम गुहा व रंगमंडल यांनीं तें सजलेलें आहे. परंतु दोनशें वर्षें तें राजघराण्याचेंच होतें. पिएत्रो लेओपोल्दो या हाब्सबुर्ग घराण्यांतील ग्रँड ड्यूकनें तें १७६६ सालीं नगरवासीयांस खुलें केलें. राजाची खासगी बाग लोकांची होण्याचा क्रम येथून लागतो.

आपल्या विषयास मुख्यतः लागणारें उद्यान मात्र निराळें आहे. त्याचें नांव काशीने. हें ऐकून कोणास काशीक्षेत्राची आठवण होईल. परंतु नामसाम्यावरून अनुमान काढण्याचा मोह येथें आवरला पाहिजे. इटालियन भाषेंत दुभत्याच्या गुरांचा गोठा असलेल्या शेतवाडीस ‘काशीना’ म्हणतात, त्याचें हें अनेकवचन. मेदिचींच्या काळीं येथें गाईगुरें पाळीत व शिकार खेळत. म्हणजे नांवाचा संबंध काशीशीं नसून, म्हणावयाचाच तर गोकुळाशीं आहे.

हें उद्यान शहराच्या पश्चिमेस आर्नो नदीच्या उजव्या तीरानें सुमारें साडेतीन किलोमीटर लांब, पण रुंदीस बेताचें, असें पट्ट्यासारखें पसरलें आहे. बोबोलींत जशी रचनेची शिस्त दिसते तशी येथें नाहीं. उंच झाडांचीं वनें, कुरणें व नदीकांठचे सरळ रस्ते हेंच याचें वैभव. लेओपोल्दोच्या कारकीर्दींत मानेत्ती नांवाच्या वास्तुविशारदानें येथें लहानसा राजवाडा, मोरांचीं घरें व बर्फ साठविण्यासाठीं पिरॅमिडच्या आकाराचें गृह बांधलें. त्या वेळीं विशेष दिवशीं लोकांस येथें प्रवेश मिळे. नेपोलियनची बहीण एलिझा हिच्या अमदानींत तें सर्वांस मोकळें झालें. इंग्रज कवि शेली यानें पश्चिमवाऱ्यावरील आपलें प्रसिद्ध गीत १८१९ सालीं रचलें तें आर्नोच्या कांठच्या याच वनांत.

आतां १८७० सालाकडे वळूं. करवीरच्या गादीवर १८६६ सालीं दत्तविधानानें आलेले राजाराममहाराज हे मूळचे पाटणकर घराण्यांतील. १८७० च्या उन्हाळ्यांत ते इंग्लंडास गेले. तेथून इटलीमार्गें परत येत असतां फ्लॉरेन्स मुक्कामीं आजारी होऊन ३० नोव्हेंबर १८७० रोजीं ते निवर्तले. वयाचें एकविसावें वर्ष चालू होतें. फ्लॉरेन्स १८६५ पासून इटलीच्या नव्या राज्याची राजधानी होती. राजधानी रोमास गेली ती १८७१ सालीं. अर्थात् हा प्रसंग आडगांवीं घडला नाहीं, राजधानीच्या शहरीं घडला.

महाराजांच्या परिवारापुढें उभा राहिलेला प्रश्न आज आपणांस जाणवणार नाहीं इतका बिकट होता. प्रेत दहन करण्याची चाल इटलींत तेव्हां नव्हती. मिलान येथें आधुनिक पद्धतीचें पहिलें दहन जानेवारी १८७६ मध्यें झालें, म्हणजे या घटनेनंतर पांच वर्षांनीं. आणि कॅथलिक धर्मपीठानें १८८६ सालीं दहनाचा स्पष्ट निषेध केला, तो १९६३ पर्यंत चालला. अशा स्थितींत परक्या धर्माच्या राजाचें उघड्यावर चितेनें दहन करण्याची खास अनुज्ञा द्यावी लागली व ती दिली गेली. तेथील अधिकाऱ्यांची ही उदारता आपण कृतज्ञतेनें नोंदविली पाहिजे.

दहन काशीने उद्यानाच्या पश्चिम टोंकास झालें. हें स्थळ शहराबाहेर व निवांत होतें, एवढें कारण सामान्य लेखकांस पुरेसें वाटतें. परंतु याच टोंकास मुन्योने नांवाची लहान नदी आर्नोस मिळते, हें लक्षांत घेतलें म्हणजे निवडीचें मर्म उलगडतें. आपल्या धर्मशास्त्रांत संगमाचें माहात्म्य किती आहे हें वाचकांस सांगावयास नको. पंचगंगेच्या कांठीं वाढलेल्या मंडळींस परक्या देशांत गंगा मिळणें शक्य नव्हतें; संगम मात्र मिळाला. जें वन शहरच्या लोकांनीं विसाव्यासाठीं राखलें होतें, त्याच्याच टोंकास एका परदेशी तरुण राजास शेवटचा विसावा मिळाला.

त्या जागीं १८७४ सालीं स्मारक उभें राहिलें. खांबांवर पेललेली घुमटाकार छत्री, तिच्याखालीं महाराजांचा पागोटें व अलंकार यांसह रंगविलेला अर्धपुतळा, व चौथऱ्यावर निरनिराळ्या भाषांतील लेख, असें त्याचें स्वरूप आहे. पुतळा फुलर या इंग्रज शिल्पकाराचा. छत्रीची योजना मेजर चार्ल्स मँट यांची. हें दुसरें नांव कोल्हापूरकरांस परकें नाहीं. १८७२ ते १८७६ या काळांत बांधलेला कोल्हापूरचा टाउन हॉल व १८७७ सालीं आरंभिलेला नवा राजवाडा हीं यांच्याच कल्पनेचीं कामें. म्हणजे आर्नोकांठची छत्री व कोल्हापुरांतील बागेंत उभा असलेला टाउन हॉल हीं एकाच हातचीं व जवळजवळ एकाच वेळचीं आहेत. दोहोंच्या तपशिलांची तुलना कोणी जाणत्यानें छायाचित्रें समोर ठेवून केल्यास ती फुकट जाणार नाहीं. त्याच टाउन हॉलांतील वस्तुसंग्रहालयांत ब्रह्मपुरीच्या उत्खननांत सांपडलेली पोसायडन या समुद्रदेवाची कांस्यमूर्ति आहे, ती रोमन जगांतून आलेली. इटली व करवीर यांचें दळणवळण असें दोन्ही दिशांनीं झालेलें आहे.

राहिला नांवाचा प्रश्न. फ्लॉरेन्सचे लोक महाराजांस केवळ ‘हिंदी गृहस्थ’ अशा अर्थाच्या ‘इंदियानो’ या शब्दानें ओळखतात. त्या जागेस तेंच नांव, आणि १९७८ सालीं जवळच पुरा झालेल्या आर्नोवरील पुलासही तेंच. मनुष्याचें नांव गेलें, देशाचें राहिलें. परंतु परक्यांस दोष देण्यापूर्वीं आपण आपल्याकडे पाहावें. शिवछत्रपतींचे पुत्र राजाराम (१६७०–१७००), साताऱ्याचे रामराजे (कारकीर्द १७४९–१७७७), प्रस्तुतचे राजाराम (१८६६–१८७०) व त्यानंतरचे करवीरचे राजाराम (१९२२–१९४०) या चौघांची गल्लत आपल्याकडील लिखाणांतही होते; कारण कोणी यांस पहिले म्हणतो, कोणी दुसरे. कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजास ज्यांचें नांव आहे ते हेच फ्लॉरेन्स येथें निवर्तलेले महाराज, हें तेथें शिकलेल्यांसही पुष्कळदां ठाऊक नसतें. सबब क्रमांक न देतां कारकीर्दीचीं सालें द्यावीं, ही सूचना लेखकांनीं मान्य करावी.

या प्रवासाचें मुख्य साधन म्हणजे महाराजांची रोजनिशी. ती त्यांच्याबरोबर असलेल्या कॅप्टन वेस्ट यांनीं संपादून १८७२ सालीं लंडन येथें इंग्रजींत प्रसिद्ध केली. एतद्देशीय संस्थानिकानें स्वतः टिपलेलें युरोपदर्शन म्हणून तिचें मोल मोठें आहे. पण तिच्या मर्यादाही ध्यानांत ठेवाव्या. ती दुसऱ्याच्या हातून संपादित झालेली आहे. आणि स्वतःच्या अंत्यविधीची हकीकत कोणीही रोजनिशीकार लिहूं शकत नाहीं. त्या रात्रीं संगमावर काय मंत्र झाले, साहित्य कसें जमविलें, परिवारांतील मंडळींच्या मनांत काय होतें, हें सांगूं शकतील तीं त्यांचींच पत्रें व त्यांच्याच यादी.

म्हणून संग्राहकांस दोन गोष्टींची विनंती आहे. करवीर परिसरांतील घराण्यांच्या दप्तरांत १८७० व १८७१ सालचीं पत्रें, खर्चाच्या यादी किंवा मोडी टिपणें आढळल्यास, तीं किरकोळ समजून बाजूस टाकूं नयेत. दुसरी अशी कीं, जो कोणी फ्लॉरेन्सला जाईल त्यानें चौथऱ्याच्या प्रत्येक बाजूचीं स्पष्ट छायाचित्रें आणावीं. आपल्याकडील लिपींत जे लेख आहेत त्यांची भाषा कोणती, हें प्रवासपुस्तकांवरून न ठरवितां लेख वाचूनच ठरवावें. शिलालेखासाठीं डोंगर चढणाऱ्या आपल्या मंडळींनीं हा एक सपाटीवरचा, झाडांच्या सावलींतला लेख न वाचतां ठेवूं नये. एका वीस वर्षांच्या छत्रपतींचें नांव तेवढ्यानें तरी त्यांस परत मिळेल.