मानवशास्त्राचा वर्ग आणि ९ मे १९१६

बी.ए.च्या पहिल्या वर्षाला मी 'मानवशास्त्राची तोंडओळख' हा विषय घेतला, तो केवळ वेळापत्रकात बसत होता म्हणून. माझ्या आधी घरात कोणी कॉलेजची पायरी चढलेले नव्हते. वडील मार्केट यार्डात हमाली करीत. विषय कसे निवडावेत हे सांगणार कोण? महिन्याभराने लोकदैवते आणि त्यांचे उपासक हा भाग आला. प्राध्यापकांनी सगळ्या वर्गादेखत मला विचारले, "तुमच्यात पोतराज सोडायची चाल अजून आहे का रे?" पन्नास माना माझ्याकडे वळल्या. पोतराज मी पाहिला होता तो त्यांनी पाहिला असेल तेवढाच, बाजारात, अंगावर आसूड ओढताना. विचारणाऱ्याच्या मनात काही वाकडे नव्हते, हे मी आजही मान्य करतो. पण त्या तासाला वर्गातला एक विद्यार्थी कमी झाला आणि एक नमुना वाढला.

हे शास्त्र आपल्याकडे आले तेच मुळी नमुने गोळा करीत आले. सर हर्बर्ट रिस्ले हा १९०१ च्या जनगणनेचा आयुक्त. त्यापूर्वी बंगालमध्ये त्याने माणसांची डोकी आणि नाके मोजून घेतली होती. नाकाच्या रुंदीला उंचीने भागायचे, शंभराने गुणायचे, की झाला नासिका-निर्देशांक. नाक जितके रुंद तितकी जात खालची, असा नियमच त्याने मांडला आणि १९०८ च्या 'द पीपल ऑफ इंडिया' या ग्रंथातही तो कायम ठेवला. माणसाची पायरी त्याच्या जन्मावर ठरते हे आपल्या गावच्या पाटलाला ठाऊक होतेच. रिस्लेने त्याला दशांशचिन्ह दिले, एवढेच.

रिस्लेचा ग्रंथ निघून आठ वर्षे झाली होती. ९ मे १९१६ रोजी न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात, डॉ. अलेक्झांडर गोल्डनवायझर यांच्या मानवशास्त्राच्या चर्चावर्गात, पंचवीस वर्षांच्या भीमराव आंबेडकरांनी 'कास्ट्स इन इंडिया' हा निबंध वाचला. बडोदा सरकारच्या शिष्यवृत्तीवर ते १९१३ मध्ये तेथे गेले होते. मुख्य अभ्यास अर्थशास्त्राचा. मानवशास्त्र त्याच्या जोडीला. गोल्डनवायझर हे फ्रान्झ बोआस यांचे शिष्य. बोआस यांनी अमेरिकेत आलेले स्थलांतरित आणि त्यांची मुले अशा सुमारे अठरा हजार लोकांची मोजमापे घेतली होती. देश बदलला की एका पिढीतही डोक्याचा आकार बदलतो, असे त्यांना आढळले. म्हणजे माप रिस्लेच्याच जातीचे, निष्कर्ष मात्र वंशवाद्यांच्या मुळावर येणारा.

निबंधाची सुरुवात प्रदर्शनाच्या गोष्टीने होते. वस्तूंची प्रदर्शने आपण पाहिली आहेत, मानवी संस्थांचे प्रदर्शन मात्र कल्पनेत येत नाही, अशा अर्थाचे ते बोलतात. हे वाचताना मला १९०४ चे सेंट लुईसचे जागतिक प्रदर्शन आठवते. तेथे फिलिपाइन्सच्या इगोरोत लोकांना वस्ती उभारून जिवंत मांडले होते. तेव्हा माणसे मांडली होती. बाबासाहेबांनी व्यवस्था मांडली. आपण स्वतः कोण, हे त्या निबंधात त्यांनी कुठेही सांगितलेले नाही. नमुना होण्याचे त्यांनी साफ नाकारले.

रिस्ले, सेनार, नेसफील्ड, केतकर या चौघांच्या व्याख्या घेऊन ते त्यांची तपासणी करतात. युरोपीय अभ्यासक स्वतःच वर्णद्वेषात वाढल्यामुळे त्यांना जातीतही रंगच दिसतो, हे ते रोखठोक सांगतात. त्यांच्या मते जातीचे मर्म अंतर्विवाहात आहे. गोत्राबाहेर लग्न करण्याचा जुना नियम होताच. त्यावर जातीबाहेर लग्न न करण्याचा नियम लादला गेला, आणि जात जन्मली.

पुढचा भाग आपल्या सभांतून सहसा गाळला जातो. बंदिस्त वर्गाची व्याख्या आपण पाठ म्हणतो. कुंपण कोणाच्या अंगावर घातले, ते सांगत नाही. जातीतच लग्ने करायची तर विवाहयोग्य स्त्रीपुरुषांची संख्या सारखी राहिली पाहिजे. नवरा मेला की बाई 'जास्तीची' होते. ती जातीबाहेर गेली तर कुंपण मोडते, जातीतच दुसरा नवरा करील तर कुणा कुमारिकेच्या वाट्याचा पुरुष जातो. म्हणून तिला जाळायचे, नाहीतर जन्मभर विधवा ठेवायचे. पुरुष जास्तीचा झाला तर त्याला कोण जाळतो? त्याला संन्यास सांगितला, पण तो व्यवहारात टिकणारा नव्हता; म्हणून अजून वयात न आलेली मुलगी त्याला द्यायची. सती, सक्तीचे वैधव्य आणि बालविवाह या तीन चाली जात टिकवण्याची साधने आहेत. त्यांना पावित्र्याचा मुलामा नंतर चढला. पंचवीस वर्षांच्या मुलाने हे गणित मांडले. मे १९१७ मध्ये निबंध 'इंडियन अँटिक्वेरी'त छापला गेला.

१९३६ च्या 'अ‍ॅनिहिलेशन ऑफ कास्ट'मध्ये जातीवरचा खरा उपाय म्हणून ते आंतरजातीय विवाहाचे नाव घेतात, त्याचे मूळ येथे आहे. आणि १९४८ च्या 'द अनटचेबल्स'मध्ये तर त्यांनी मोजणाऱ्यांची मापेच त्यांच्यासमोर ठेवली. नाकांचे हे आकडे खरे मानायचे, तर ब्राह्मण आणि अस्पृश्य एकाच वंशाचे ठरतात, असे त्यांनी दाखवून दिले.

महाराष्ट्र शासनाने १९७९ मध्ये बाबासाहेबांच्या लेखन-भाषणांचा पहिला खंड काढला, त्यातला पहिलाच लेख हा. माझ्या मानवशास्त्राच्या वर्षभरात त्याचे नाव एकदाही निघाले नाही. रिस्लेचे सूत्र मात्र परीक्षेला पाच गुणांना होते. मीही ते पाठ केले.

आता तोच प्रास्ताविक विषय मी शिकवतो. पहिल्या आठवड्यात मुलांना घरातल्या तीन पिढ्यांच्या लग्नांचा तक्ता करायला सांगतो. कोणाचे लग्न कोणाशी, कोणत्या जातीत, मुलीचे वय किती. सगळ्या जातींची मुले हे करतात, त्यामुळे एकट्या कोणाकडे मान वळत नाही. तक्त्यांत बहुधा वरपासून खालपर्यंत एकच जात असते, आमच्या मुलांच्याही. गेल्या वर्षी एका मुलीने आत्याची जागा कोरी ठेवली होती. मी कारण विचारले. म्हणाली, "सर, तिने बाहेर केलं. आमच्या घरात तिचं नाव काढत नाहीत." मग थोडे थांबून तिने विचारले, "लिहू का?"

मी म्हटले, लिही. तिने पेन्सिलीने लिहिले.