पांढरी एक आणि सी कॉर्ड

1911 साली बार्शी लाइट रेल्वे लातूरला पोचली. अडीच फुटी रुळांवरची ही छोटी गाडी कापूस, धान्य आणि पंढरीचे वारकरी वाहायची. 1927 मध्ये मिरजेपर्यंतचा टप्पा पुरा झाला आणि लातूर थेट तंबोरे-सतारींच्या गावाला जोडलं गेलं. त्या तंबोऱ्यांचे भोपळे भीमाकाठी, पंढरपूर-मंगळवेढ्याच्या मुलखात पिकतात. गाडी त्याच मुलखातून जायची. नांदेडचे रूळ निराळ्या दिशेचे होते. निजामाच्या मीटरगेजने हे शहर मनमाड आणि सिकंदराबाद यांच्या मध्ये आणून ठेवलं, त्यामुळे शिक्षण असो, नोकरी असो की कोर्टकचेरी, इथला माणूस हैदराबादची गाडी धरायचा. ही दोन शहरं एकमेकांपासून दीडशे किलोमीटरच्या आतबाहेर, पण गाण्याचं वारं दोघांकडे वेगवेगळ्या बाजूंनी आलं. गिटार मात्र दोन्हीकडे एकाच वाटेने आली, सिनेमाच्या आणि रेडिओच्या. तीही बरीच उशिरा.

उशीर का झाला, हे गोवा आणि कोलकात्याकडे पाहिलं की कळतं. गोव्यात चर्चला जोडलेल्या शाळांतून पोरांना स्वरलिपी वाचायला आणि व्हायोलिन धरायला शिकवत. तिथून निघालेल्या वादकांनी पुढे मुंबईच्या चित्रपटसंगीताचे वाद्यवृंद उभे केले. माजोर्ड्याचे अँथनी गोन्साल्विस हे त्यांतलं ठळक नाव. संगीतकार प्यारेलाल त्यांच्याकडे व्हायोलिन शिकले. कोलकात्याची गोष्ट बंदराची. ताऊ मो हा हवाईयन गिटारवादक 1929 मध्ये भारतात आला, पुढे काही वर्षं कोलकात्यात राहिला, आणि मांडीवर आडवी ठेवून पोलादी कांडीने वाजवायची ती गिटार बंगाली घरांत रुजली. मराठवाड्याला ना बंदर, ना तशा चर्चच्या शाळा. त्यातच निजामी राजवटीचा धाक. 1929 च्या गश्ती क्रमांक 53 या हुकमानंतर साधी सभा घ्यायची तरी परवानगी लागे. चार माणसांनी जमून काही करण्यालाच जिथे अडसर, तिथे नवं वाद्य गावात येऊन रुळायला मोकळी जागा कुठून मिळणार? 17 सप्टेंबर 1948 ला हैदराबाद संस्थान भारतात आलं, तोवर मुंबईच्या स्टुडिओंत गिटार जुनी झाली होती.

म्हणून इथला कान तारेला पारखा होता असं कुणी समजू नये. माहूरच्या रेणुकेचा गोंधळ नांदेड जिल्ह्यातलाच, आणि गोंधळ्याचं तुणतुणं म्हणजे एका तारेवर अख्खी रात्र तोलून धरणारा सूर. माळेगावच्या यात्रेत वाघ्या-मुरळीचा जागर ऐकावा, तिथेही तेच. नांदेडच्या तख्त सचखंड श्री हजूर साहिबमध्ये कीर्तन रोजचं. आज तिथे हार्मोनियम असते, पण शीख कीर्तनाची मूळ परंपरा तंतुवाद्यांची आहे. गुरू नानकांबरोबर भाई मरदाना रबाब घेऊनच फिरत. लातूर जिल्ह्यात औशाच्या नाथ संस्थानात चक्रीभजन घुमतं. या सगळ्यावर कळस म्हणजे संगीत विद्यालय. पंडित नाथराव नेरळकर नांदेडचे, अण्णासाहेब गुंजकरांचे शिष्य. त्यांनी याच शहरात अनंत संगीत महाविद्यालय चालवलं, पुढे औरंगाबादेत पिढ्या घडवल्या, संगीत नाटक अकादमीचा पुरस्कार मिळवला आणि 2021 मध्ये ते गेले. अशा विद्यालयांनी मराठवाड्याच्या तालुक्या-तालुक्यांत एक शिस्त रुजवली: आधी सा लावायचा, मग अलंकार, मग राग. अखिल भारतीय गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या प्रारंभिक, प्रवेशिका, मध्यमा, विशारद या पायऱ्या मध्यमवर्गीय घरांत शालेय गुणपत्रिकेइतक्याच मानाच्या झाल्या.

गिटार पहिल्यांदा इथे ऐकू आली ती बहुधा हवाईयनच. व्हॅन शिपली, हजारा सिंग, सुनील गांगुली यांनी सिनेगीतांच्या चाली वाजवून भरलेल्या तबकड्या देशभर गेल्या आणि रेडिओवर घुमत राहिल्या. आकाशवाणीने 1940 पासून 1971 पर्यंत हार्मोनियमला दार बंद ठेवलं होतं, कारण तिच्या पट्ट्यांवर मींड, म्हणजे एका स्वरावरून दुसऱ्यावर अखंड घसरत जाणं, निघत नाही. हवाईयन गिटारवर ती निघते. 1967 च्या ‘कॉल ऑफ द व्हॅली’मध्ये ब्रिजभूषण काबरा यांनी शिवकुमार शर्मा आणि हरिप्रसाद चौरसिया यांच्या बरोबरीने ही गिटार वाजवली, तेव्हा तिची रागदारीतली जागा पक्की झाली.

उभी धरून कॉर्ड वाजवायची गिटार, जिला क्लासवाले आजही ‘स्पॅनिश’ म्हणतात, ती मोठी झाली राहुलदेव बर्मन यांच्या काळात. ‘दम मारो दम’ची (1971) गिटार भूपिंदर सिंग यांची. ‘यादों की बारात’मध्ये (1973) ‘चुरा लिया है’ सुरू होतं तेव्हा ग्लासच्या किणकिणीपाठोपाठ गिटार येते आणि पडद्यावर झीनत अमानच्या हातातही तीच असते. 1988 मध्ये ‘कयामत से कयामत तक’चा कॉलेजातला आमिर खान गिटार घेऊन उभा राहिला आणि मग जिल्ह्याच्या गावातल्या पोरांनाही ती हवीशी वाटू लागली.

आता प्रश्न आला शिकवणार कोण. उत्तर गणपतीच्या ऑर्केस्ट्रात होतं. लग्नं, गणेशोत्सव, कॉलेजांची स्नेहसंमेलनं यांत वाजवणारे हौशी वाद्यवृंद साऱ्या महाराष्ट्रात होते. त्यांतला गिटारवाला पुष्कळदा मुळात पेटी किंवा बुलबुलतरंग वाजवणारा असे. कुणी सांगितलं म्हणून गिटार हाती घेतलेला. नोटेशन त्याला येत नसे, येत असे ते सारेगम. त्याची खरी शाळा कॅसेट. गाणं लावायचं, थांबवायचं, मागे न्यायचं, पुन्हा ऐकायचं. टेपरेकॉर्डरची गती कमी-जास्त असली की गाणं पेटीच्या धड काळी एकमध्ये नसे, धड पांढरी दोनमध्येही नसे. मग पेटीशी जुळत नाही म्हणून आधी गिटारच्या सहाही तारा टेपच्या सुराला लावून घ्याव्या लागत. मुखड्याखाली कुठला कॉर्ड आहे हे सांगणारं कुणी नव्हतं. ‘सा’ धरून पाहायचा, नाही बसला तर ‘म’, नाही तर ‘प’. असं शेकडो गाणी केल्यावर माणसाचा कान जो तयार होतो, त्याला प्रमाणपत्र नसलं तरी ती विद्याच आहे, आणि मराठवाड्यातल्या गिटार-शिक्षणाचा पाया याच विद्येवर उभा राहिला असं निःशंक म्हणावं.

ऑर्केस्ट्रातले हे गिटारवाले ‘सर’ होऊन जेव्हा घराच्या पुढच्या खोलीत क्लास काढतात, पाटीवर पेटी, तबला, कीबोर्ड, गिटार असं सगळं लिहितात, तेव्हा पहिला धडा ते आपल्याच वाटेने देतात. नवा मुलगा बहुधा कॉर्डच मागतो. सर आधी त्याच्या डाव्या हाताची नखं बघतात. मग पाचवी तार, तिसरी पट्टी, हा ‘सा’. चौथी तार मोकळी, ‘रे’. तिच्याच दुसऱ्या पट्टीवर ‘ग’, तिसरीवर ‘म’. तिसरी तार मोकळी ‘प’, दुसऱ्या पट्टीवर ‘ध’. दुसरी तार मोकळी ‘नी’ आणि पहिल्या पट्टीवर वरचा ‘सा’. पांढरी एकचं हे सप्तक इंग्रजी पुस्तकातल्या सी मेजर स्केलशी तंतोतंत जुळतं. त्यावर सारेग, रेगम, गमप असे पलटे सुरू होतात. बोटांची टोकं लाल होतात, तार खरखरते, कारण बोट पट्टीला लागून न पडता दोन पट्ट्यांच्या मध्येच कुठेतरी पडतं. स्वस्तातल्या गिटारीत तारा मानेपासून फार उंच असतात, तिथे दुखणं दुप्पट. आठवड्याभरात कातडी घट्ट होऊ लागते.

कॉर्डची पाळी आली की सर सांगतात: सा-ग-प एकत्र वाजव, झाला सी. गंधार कोमल केला की मायनर. ज्याने शाळेत असताना पेटीवर भूप वाजवला आहे, त्याच्या डोक्यात हे एका झटक्यात उतरतं. खरी कसोटी एफ कॉर्डची. पहिलं बोट सहाही तारांवर आडवं दाबायचं असतं, आणि क्लास सोडून जाणारे पुष्कळजण इथेच गळतात.

उजव्या हाताचं शिक्षण तर पूर्णच देशी. केरव्याच्या आठ मात्रा तोंडाने म्हणत, कुठे हात खाली आणि कुठे वर, हे पाठ करायचं. दादरा असेल तर सहा मात्रा. तबल्याशेजारी बसून शिकलेल्या मुलाचा हात समेवर चुकत नाही. गायिकेची पट्टी काळी चार असेल तर मानेवर कॅपोचा चिमटा लावून तेच ओळखीचे कॉर्ड वर सरकवायचे. काही जाणकार या पद्धतीला कच्ची म्हणतात, स्टाफ नोटेशन नाही म्हणून नाक मुरडतात. ज्या मुलाला भजन, भावगीत आणि सिनेगीत यांनाच साथ करायची आहे, त्याला सारेगममधून गिटारकडे नेणं ही सगळ्यात जवळची वाट आहे. नोटेशन पुढे शिकता येतं. कान मात्र आधी लागतो.

लातूरला या क्लासचं वेळापत्रक दुसऱ्याच गोष्टीने ठरतं. 1970 मध्ये स्थापन झालेलं राजर्षी शाहू महाविद्यालय आणि दयानंद महाविद्यालय यांच्या निकालांतून अभ्यासाचा ‘लातूर पॅटर्न’ घडला आणि पुढे शिकवण्यांचं एक शहरच वसलं. बाहेरगावची हजारो मुलं वसतिगृहांत आणि खोल्यांत राहून नीट-जेईईची तयारी करतात. त्यांचा दिवस पहाटेपासून भरलेला, त्यामुळे गिटारला उरतो तो रविवार, नाहीतर परीक्षेनंतरची सुट्टी. नांदेडला 1994 मध्ये स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठ झालं. नांदेड, लातूर, परभणी, हिंगोली हे चार जिल्हे त्याच्याकडे. आंतरविद्यापीठ युवक महोत्सवात पाश्चात्त्य वाद्यवादनाचा स्वतंत्र प्रकार असतो, त्यामुळे महाविद्यालयातल्या मुलांना गिटार घेऊन मंचावर जायचं एक हक्काचं निमित्त मिळालं.

गेल्या दहा-पंधरा वर्षांत तारा जुळवायला मोबाइल आला, कॉर्ड दाखवायला यूट्यूब आलं. मुलगा पहिल्याच दिवशी चार कॉर्डचं गाणं घेऊन येतो. सरांचं काम त्याने संपलेलं नाही. वाकडं मनगट, लयीत धावणारा हात, आणि न दाबली गेलेली तार ओळखायला समोर माणूस बसलेला लागतो. पण ऑर्केस्ट्रातून आलेली ती पहिली फळी आता थकत चालली आहे. त्यांच्या वह्यांत वर सिनेगीताचे बोल, खाली सारेगम आणि मार्जिनमध्ये कॉर्ड असं देवनागरीत लिहिलेलं असतं. या भागात पाश्चात्त्य वाद्य आपल्या कानाने कसं शिकलं गेलं, याचे दुसरे लेखी पुरावे फारसे कुणी जपलेले नाहीत. नांदेडच्या विद्यापीठात ललित कलांचं संकुल आहे. त्याने या वह्या मागून घ्याव्यात, त्यांची छायाचित्रं काढून ठेवावीत आणि सर बोलत आहेत तोवर त्यांच्या मुलाखती ध्वनिमुद्रित कराव्यात.